झेडएक्स स्पेक्ट्रम पुन्हा चालू करताय? या चुका टाळा

माळ्यावरून खोकं खाली येतं, रबरी बटणांचा तो छोटा काळा संगणक हातात येतो आणि पहिला मोह होतो तो लगेच वीज देऊन बघण्याचा. तिथेच थांबा. चाळीस वर्षं धूळ खात सुखरूप राहिलेलं यंत्र खाली आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जळालेलं मी पाहिलं आहे.

याचं मूळ स्पेक्ट्रमच्या घडणीतच आहे. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने २३ एप्रिल १९८२ रोजी तो बाजारात आणला, १६ केबीचा १२५ पौंडांना आणि ४८ केबीचा १७५ पौंडांना. रंगीत चित्र देणारा संगणक या किमतीत बसवायचा, म्हणून जे जे वगळता येईल ते वगळलं. वीज बंद-चालू करायचं बटण नाही, बोर्डावर फ्यूज नाही, उलट वीज दिली तर अडवणारं काही नाही. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात 'डीबी स्पेक्ट्रम+' विकला. प्लस मॉडेलचा कीबोर्ड वेगळा दिसतो, पण सिंक्लेअरच्या प्लसमध्ये आतला बोर्ड ४८ केबीचाच होता. त्यामुळे खालचं बहुतेक सगळं त्यालाही लागू आहे. यंत्राने जी काळजी घेतलेली नाही ती आपण घ्यायची, एवढं धरून चाललात तर पुढच्या गोष्टी आपोआप समजतील.

राउटरचा अडॅप्टर लावणं

मूळ अडॅप्टर हरवलेला असतो आणि घरात ९ व्होल्टचा एखादा राउटरचा पडलेला असतो. पिन बसते, आकडा जुळतो, आणि यंत्र जातं. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर लागतात, पण पिनच्या मध्यभागी ऋण आणि बाहेरच्या कड्याला धन. आजचे जवळजवळ सगळे अडॅप्टर याच्या उलट असतात. अडॅप्टरवरची छोटी खूण बघा, आणि खूण पटली तरी मल्टीमीटर लावून खात्री करा. मूळ अडॅप्टर मिळाला तर तो भाराशिवाय १२-१३ व्होल्ट दाखवेल. त्याने घाबरू नका, तो नियंत्रित नसतो, भार आला की खाली येतो. आतला ७८०५ रेग्युलेटर त्यातून ५ व्होल्ट काढतो आणि उरलेलं उष्णतेत घालवतो, म्हणून उजवी बाजू गरम लागणं नेहमीचंच आहे.

चालू यंत्राच्या मागे काहीही खुपसणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. मागच्या कडेला बोर्डाचीच पट्टी उघडी ठेवलेली आहे. जॉयस्टिकचा इंटरफेस असो की एसडी कार्डाचा, सगळं तिथेच लागतं. त्या पट्टीवर संगणकाच्या नाजूक सिग्नलच्या शेजारीच ९ आणि १२ व्होल्टच्या रेषा आहेत. वीज चालू असताना इंटरफेस जरा तिरका झाला की नको त्या दोन रेषा एकमेकींना टेकतात. नेहमी आधी वीज काढा, मग इंटरफेसला हात लावा. गेम चालू असताना जॉयस्टिक ओढल्याने इंटरफेस हलतो, म्हणून त्याच्याखाली आधाराला काहीतरी ठेवा.

टेकल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण दुरुस्तीतली पुढची मोठी चूक इथूनच सुरू होते. बोर्डावर टीआर४ आणि टीआर५ हे दोन ट्रान्झिस्टर आणि एक कॉइल मिळून १२ आणि उणे ५ व्होल्ट तयार करतात. शॉर्ट झाला की बहुतेक वेळा टीआर४ पहिला जातो. खालची १६ केबी मेमरी ४११६ जातीच्या आठ चिपांची आहे आणि त्यांना १२, ५ आणि उणे ५ असे तिन्ही दाब (व्होल्टेज) लागतात. उणे ५ गेलं आणि बाकीचे चालू राहिले, तर त्या चिपा तापतात आणि मरतात. पडद्यावर सिंक्लेअरची ओळ येण्याऐवजी पट्टे किंवा कचरा दिसतो, आणि माणूस म्हणतो, मेमरी गेली.

मीही तेच म्हटलं होतं. बोटाला गरम लागलेल्या तीन चिपा काढल्या, नव्या लावल्या, वीज दिली. त्याच संध्याकाळी नव्याही गेल्या. मेमरी मरण्याचं कारण जागच्या जागीच होतं, मी फक्त त्याला नवीन चिपा दिल्या. जुन्या ४११६ आता सहज मिळत नाहीत, त्यामुळे ते तीन तुकडे मला अजून बोचतात. तेव्हापासून क्रम ठरला आहे: कुठलीही ४११६ चिप घ्या, मल्टीमीटरचं काळं टोक १६ नंबरच्या पायाला, मग १ नंबरला उणे ५, ८ नंबरला १२, ९ नंबरला ५ व्होल्ट. हे तिन्ही जुळत नाहीत तोवर मेमरीला हात लावायचा नाही. आधी टीआर४, कॉइल आणि आसपासचे जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघायचे. कपॅसिटर बदलताना धन-ऋण बाजू दोनदा तपासा.

४८ केबीच्या वरच्या ३२ केबी मेमरीत काटकसरीचा सुंदर नमुना आहे. ६४ किलोबिटच्या ज्या चिपांचा अर्धाच भाग चांगला निघाला, त्या स्वस्तात घेऊन तेवढा चांगला भाग वापरला. कुठला अर्धा चालू आहे ते बोर्डावरच्या एका जोडणीने ठरतं. म्हणून तिथली चिप बदलताना फक्त नंबर वाचून भागत नाही, ती जोडणीही बघावी लागते.

कीबोर्डची पट्टी ओढणं

खालचे स्क्रू काढून झाकण झटक्यात उचललं की कीबोर्डच्या पातळ प्लास्टिक पट्ट्या तुटतात. इतक्या वर्षांत त्या पापडासारख्या ठिसूळ झालेल्या असतात. झाकण थोडंच उचला, पट्ट्या सॉकेटमधून सरळ वर काढा. बटणं चालत नसतील तर कुठली ते आधी लिहून काढा. चाळीस बटणं आठ गुणिले पाच अशा जाळीत आहेत. शेजारची पाच एकत्र गेली, उदाहरणार्थ १ ते ५, तर एक रेघ तुटली. कीबोर्डभर विखुरलेली आठ गेली तर दुसऱ्या बाजूची. पट्टीचं टोक कापून पुन्हा बसवण्याची युक्ती काही दिवस चालते. नवीन मेम्ब्रेन, म्हणजे बटणांखालचे पातळ पडदे, आजही बनतात, ते मागवा.

कीबोर्ड चालू झाल्यावर नवखे हमखास गेम चढवण्याचा 'लोड' हा शब्द अक्षर अक्षर टाइप करतात आणि यंत्र बिघडलंय म्हणतात. ४८ केबीत पूर्ण शब्द एका बटणावर असतो. 'जे' (J) हे बटण दाबलं की लोड उमटतं, मग सिंबॉल शिफ्ट धरून दोनदा 'पी' (P), मग एंटर.

फोनवरून एमपी३ वाजवणं

कॅसेटऐवजी फोनमधून गेम लोड करायला हरकत नाही, पण फाइल डब्ल्यूएव्ही असू द्या. स्पेक्ट्रम आवाजातल्या लहरींची लांबी मोजतो: शून्याची लहर आखूड, एकची बरोबर दुप्पट. एमपी३ आवाज दाबताना लहरींच्या कडा सरकवतो आणि शेवटी 'टेप लोडिंग एरर' येते. इक्वलायझर बंद, नोटिफिकेशन बंद, आवाज जवळजवळ पूर्ण. काठावर लाल-निळसर पट्टे धावू लागले म्हणजे सिग्नल पोचतोय. रंग नुसतेच सावकाश बदलत असतील तर वायर किंवा आवाज बघा. खरी कॅसेट असेल तर प्लेअरच्या हेडचा कोन बारीक स्क्रूने जुळवा, खणखणीत आवाज येईपर्यंत.

डिव्हएमएमसी हा एसडी कार्डाचा इंटरफेस वापरत असाल तर कार्ड फॅटमध्ये फॉरमॅट केलेलं हवं, आणि कार्डावरच्या ईएसएक्सडॉस या त्याच्या प्रणालीची आवृत्ती इंटरफेसच्या रॉममधल्या आवृत्तीशी जुळायला हवी.

फक्त एम्युलेटरवर गेम तपासणं

आता नवीन गेम लिहिणाऱ्यांसाठी. पास्मो किंवा झेड८८डीके ही प्रोग्रॅम बनवायची साधनं वापरून लिहिलेला प्रोग्रॅम 'फ्यूज' या एम्युलेटरवर, म्हणजे स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पळाला म्हणजे झालं, असं नसतं. घरच्या संगणकावर सगळं ठराविक, स्वच्छ जुळणीवर चालतं. खऱ्या यंत्रामागे कोणी काय लावलंय ते तुम्हाला माहीत नसतं.

१६३८४ ते ३२७६७ ही मेमरी प्रोसेसर आणि चित्र काढणारी यूएलए चिप दोघांत वाटलेली आहे. यूएलएला गरज पडली की ती ३.५ मेगाहर्ट्झच्या झेड८० प्रोसेसरला थांबवून ठेवते. वेळेचं गणित असलेला भाग ३२७६८च्या वर ठेवा.

दुसऱ्या प्रकारचा इंटरप्ट (प्रोसेसरचं चालू काम थांबवणारा संकेत, आयएम २) वापरताना पत्त्यांचा तक्ता पूर्ण २५७ बाइटचा करा. इंटरप्टच्या क्षणी डेटा बसवर (प्रोसेसरच्या माहितीच्या रेषांवर) २५५ असेल असं धरून फक्त दोन बाइट भरले, तर मागे एखादा इंटरफेस लावताच गेम कोसळू शकतो. केम्पस्टन जॉयस्टिकसाठी ३१ नंबरचा पोर्ट आपणहून वाचत बसू नका. इंटरफेस नसेल तर तिथे कसलीही किंमत येते आणि नायक एकटाच भिंतीवर चालत सुटतो. मेनूत खेळाडूला विचारा.

आणि कीबोर्ड. जुन्या इश्यू २ बोर्डावर (इश्यू म्हणजे बोर्डाची आवृत्ती) काहीच दाबलेलं नसताना पोर्ट २५५ देतो, इश्यू ३वर १९१, कारण सहावा बिट वेगळा वागतो. त्या काळी काही गेम २५५शी थेट तुलना करायचे आणि नव्या बोर्डावर अडकले. बटणांचे बिट खालचे पाचच आहेत, वर सांगितलेल्या जाळीतले तेच पाच. वाचलेल्या किमतीला ३१ने अँड करा, म्हणजे खालचे पाच बिटच उरतील, आणि मगच तुलना करा.