पांढरीच्या टेकाडाची पृष्ठभाग-पाहणी कशी करावी

आपल्याकडे शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. प्राचीन वस्ती शोधणाऱ्याने हीच खूण आधी धरावी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडलेल्या मातीच्या भिंती यांमुळे जुन्या वस्तीची माती करडी-पांढरी व भुसभुशीत होते, आणि नदीकाठच्या काळ्या रानात असे टेकाड दुरूनही वेगळे दिसते. घोड नदीकाठचे इनामगाव आणि प्रवरेकाठची जोर्वे, नेवासे व दायमाबाद ही महाराष्ट्रातील पहिल्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांची ठिकाणे आहेत.

नांगरट होऊन एखादी सर पडून गेली की पाहणीला जावे, कारण धुतलेली खापरे तेव्हाच नीट दिसतात. मालकाची परवानगी अगोदर घ्यावी. उकरू मात्र अजिबात नये. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, आणि हौसेने मारलेल्या एका कुदळीने थरांचा क्रम कायमचा मोडतो.

टेकाडावर दोऱ्या ताणून १० मीटरचे चौकोन आखावेत, त्यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकात २ मीटर लांबी-रुंदीच्या ठरावीक जागेतील खापरे व दगडी तुकडे मोजून वहीत लिहावेत. वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि वस्तू जागच्या जागी ठेवावी. पिशवीत भरून घरी नेलेले सुंदर खापर शोभेचे ठरते, पुरावा म्हणून त्याची किंमत जवळजवळ संपते. उतार कोणत्या दिशेला आहे हेही नोंदवावे, कारण नांगर आणि पाणी मिळून खापरे खाली सरकवतात. आणखी एक फसगत टाळावी: पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरून शेतात टाकली जात असे, त्यामुळे दूरच्या काळ्या रानात चार खापरे दिसली म्हणून तेथे वस्ती होती असे मानू नये.

जोर्वे पद्धतीचे खापर ओळखणे फारसे अवघड नाही. तांबूस किंवा नारिंगी लेप, त्यावर काळ्या रंगातील भौमितिक नक्षी, बाजू मध्यावर कोनात वळलेली असे वाडगे आणि तोटीची भांडी ही त्याची लक्षणे होत. चांगले भाजलेले खापर नखाने टिचकी मारल्यास खणखणते. इनामगावात पूर्व-जोर्वे (म्हणजे जोर्वे संस्कृतीचा आरंभीचा) काळ साधारण इ. स. पू. १४०० ते १०००, तर उत्तर-जोर्वे काळ त्यापुढे इ. स. पू. ७०० पर्यंत मानला जातो.

दगडांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. गारगोटीसारख्या अर्धपारदर्शक दगडाचे पाते उजेडासमोर धरावे. मार बसलेल्या टोकाशी किंचित फुगवटा आणि तेथून पसरलेल्या लाटांसारख्या वलयरेषा दिसल्या तर ते माणसाने काढलेले आहे; नैसर्गिकरीत्या तडकलेल्या दगडावर अशी लक्षणे सहसा एकत्र आढळत नाहीत. एखाद्या पात्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी टवके काढून केलेली नागमोडी कड असेल, तर गाभ्यावर (ज्या मूळ दगडातून पाती काढतात त्यावर) आधी कणा घडवून मग ओळीने लांब पाती काढण्याचे तंत्र तेथे वापरले गेले होते. ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची व दगडाची अवजारे एकत्र वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या, वस्त्यांत ते सर्रास दिसते. याउलट खापर नाही, राखेची माती नाही, फक्त चंद्रकोरी आणि त्रिकोणी सूक्ष्मास्त्रे (अगदी लहान दगडी हत्यारे) व त्यांचे टवके विखुरलेले आहेत, अशी जागा शिकारी-संकलकांच्या तात्पुरत्या मुक्कामाची असण्याचा संभव अधिक. तरीही एका पात्यावरून निकाल देऊ नये, कारण शेतकरीही सूक्ष्मास्त्रे वापरत आणि दोन्ही समाज काही काळ शेजारी राहिले असावेत.

टेकाडाची नदीकडची ढासळलेली कडा शेवटी पाहावी. तेथे तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन कुंभ दिसले, तर हात लावू नये: इनामगावात घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने नेमकी अशीच आढळली आहेत. दुरून छायाचित्र घ्यावे, गट क्रमांक लिहून ठेवावा आणि त्याच दिवशी तहसील कार्यालयाला व राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला लेखी कळवावे. पावसाळा तोंडावर असेल तर पत्रात तेही लिहावे, कारण अशी कडा एका पुरातही वाहून जाऊ शकते.