विहिरीला किती दिवस लागतील? तीन आकड्यांतून अंदाज काढायची रीत

विहिरीचं काम किती दिवसांत उरकेल असं विचारलं की उत्तर एकाच आकड्यात येतं : "दीड महिना धरा." खडक अपेक्षेपेक्षा टणक निघाला तर काय, पाणी लवकर लागलं तर काय, खडकात होल मारायचा कंप्रेसर बंद पडला तर काय, यातलं त्या दीड महिन्यात काहीच दिसत नाही. कामाच्या नियोजनात म्हणून एकाऐवजी तीन आकडे घेतात : सगळं जमून आलं तर लागणारे दिवस, बहुतेक वेळा लागतात ते दिवस, आणि सगळं आडवं गेलं तर लागणारे दिवस. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी १९५८ च्या सुमारास 'पर्ट' नावाची पद्धत बसवली गेली, तेव्हापासून ही रीत रूढ झाली. तिचं गणित शाळकरी पोराला जमेल इतकं सोपं आहे. खरी मेहनत आकडे मिळवण्यात आहे, म्हणून इथंही जास्त जागा त्यालाच दिली आहे.

उदाहरण घेऊ यवतमाळ-वाशीमकडच्या काळ्या खडकातल्या सिंचन विहिरीचं. व्यास २० फूट, खोली ४० फूट. वरचे १० फूट माती आणि मुरूम, पुढचे १० फूट कच्चा खडक, खालचे २० फूट पक्का.

आधी कामाचे तुकडे पाडा. एक तुकडा एकाच टोळीच्या किंवा एकाच यंत्राच्या हातात असावा आणि तो संपला हे डोळ्यांनी दिसावं. "खोदकाम" असा एकच तुकडा धरला की अंदाज तिथंच फसतो, कारण पोकलेनचा दिवस आणि सुरुंगाचा दिवस यांचा एकमेकांशी काही मेळ नाही. या विहिरीचे पाच तुकडे होतात : माती-मुरूम, कच्चा खडक, पक्का खडक, खडकाच्या काठापासून वरचं बांधकाम कठड्यासकट, आणि पंप-पाइप बसवणं.

आता प्रत्येक तुकड्याचे तीन आकडे. ते कागदावर बसून ठरवायचे नसतात, काम करणाऱ्याला विचारायचे असतात. मिस्त्री, कंप्रेसरवाला, पोकलेनवाला यांना वेगवेगळं गाठा. सगळ्यांना एकत्र बसवलं की वयानं मोठा जो आकडा बोलेल त्यालाच बाकीचे मान डोलावतात. विचारायचा क्रमही महत्त्वाचा आहे. "नेहमी किती लागतात?" हे आधी विचारलं तर पुढचे दोन्ही आकडे त्याच्याच आसपास घुटमळतात. वीस म्हटलेला माणूस मग अठरा आणि पंचवीस सांगून मोकळा होतो. म्हणून सुरुवात वाईटापासून करा.

"आजवरच्या विहिरींत या थराला जास्तीत जास्त कुठं अडकलात, आणि कशानं?" यातला "कशानं" सोडायचा नाही. पक्क्या खडकाला उत्तरं साधारण अशी येतात : होल मारतानाच पाणी लागलं, उपसायला शेतीची वीज रात्रीच्या पाळीत, मग डिझेल इंजिन आणण्यात दिवस गेले, सुरुंगाचा परवाना असलेला माणूस दुसऱ्या गावाला गुंतलेला, यारीचा (मलबा वर ओढायच्या क्रेनचा) तारदोर तुटला, दगड इतका एकसंध की उडवूनही फुटला नाही, पुन्हा होल मारावे लागले. प्रत्येक कारणाला किती दिवस गेले ते लिहून घ्या. यातली दोन-तीन कारणं एकाच विहिरीत जमली तर जो आकडा होतो तो वाईट आकडा. नंतर विचारा, "काम एकदाही थांबलं नाही तर?" हा चांगला आकडा. शेवटी नेहमीचा.

नेहमीचा आकडा दिवसांत न विचारता फुटांत आणि ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) तपासून घ्या. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट खाली जायचं म्हणजे सुमारे ३१४ घनफूट, म्हणजे तीन ब्रासच्या वर दगड काढायचा. फुटल्यावर तो फुगून जवळपास दीडपट होतो. होल मारणं, भरणं, उडवणं, यारीनं मलबा बाहेर काढणं अशी एक फेरी तीन दिवसांची आणि फेरीमागे तीन फूट धरले, तर २० फुटांना सात फेऱ्या, म्हणजे वीस-एकवीस दिवस. मिस्त्रीनं आठ दिवस सांगितले असतील तर वाद घालत बसू नका, रोज किती यारी भरून निघतील एवढंच विचारा. हिशोब त्याच्याच तोंडून सरळ होतो.

आकडा सांगणाऱ्याचा फायदा कशात आहे तेही पाहा. उक्ते काम घेणारा काम हातचं जाऊ नये म्हणून कमी सांगतो, रोजीवाला सैल सांगतो. दोघांच्या वाईट आकड्यांत फार अंतर पडलं तर सरासरी काढू नका, तो फरक कोणत्या कारणानं पडला ते विचारा. बहुधा एकानं धरलेली अडचण दुसऱ्यानं धरलेलीच नसते.

वाईट आकड्यात काय घालायचं नाही, हेही ठरवून ठेवा. धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद उभा राहून कामच बंद पडणं किंवा विहिरीत अपघात होणं ही कामाची संथ गती नव्हे. त्यांची वेगळी यादी करा, नाहीतर आकडा तीनशे दिवसांवर जाईल आणि निरुपयोगी होईल. बाजाराचा दिवस, धुलिवंदन, १४ एप्रिल, गावातली लग्नं हेही इथं येत नाही. ते आधीच ठाऊक आहे, त्याचा हिशोब पुढं कॅलेंडरवर होतो. तीन आकडे फक्त कामाच्या दिवसांचे.

समजा आकडे असे आले (चांगला, नेहमीचा, वाईट) :

माती-मुरूम : १, २, ६
कच्चा खडक : ५, ७, १५
पक्का खडक : १४, २०, ४४
बांधकाम आणि कठडा : ९, १२, २१
पंप-पाइप : १, २, ३

सूत्र असं : चांगला, अधिक नेहमीच्याची चौपट, अधिक वाईट, भागिले सहा. पक्क्या खडकाला १४ + ८० + ४४ = १३८, भागिले ६ म्हणजे २३ दिवस. बाकीचे अनुक्रमे २.५, ८, १३ आणि २. एकूण ४८.५ दिवस. नेहमीच्या आकड्यांची नुसती बेरीज मात्र ४३ येते. हे साडेपाच दिवस कुठून आले? काम लवकर संपायला थोडीच जागा असते, लांबायला भरपूर. वीस दिवसांचं काम फार तर सहा दिवस आधी संपेल, पण चोवीस दिवस लांबू शकतं.

नेहमीच्या आकड्यावर फारसा भरवसा नसेल, म्हणजे टोळी नवी किंवा थर अनोळखी असेल, तर चौपट न करता तिघांची सरळ सरासरी घ्या. तिला त्रिकोणी पद्धत म्हणतात. तिनं पक्का खडक २६ दिवसांवर जातो. दोन्ही पद्धती एकाच कामात मिसळू नका.

दुसरं सूत्र विखुरण्याचं, म्हणजे अंदाज किती मागंपुढं होऊ शकतो त्याचं : वाईटातून चांगला वजा, भागिले सहा. पक्क्या खडकाला ३० भागिले ६ = ५ दिवस. माती ०.८३, कच्चा खडक १.६७, बांधकाम २, पंप ०.३३. हे आकडे थेट बेरजेत घालत नाहीत. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज करायची : ०.६९ + २.७८ + २५ + ४ + ०.११ = ३२.५८. त्याचं वर्गमूळ सुमारे ५.७. आता ४८.५ मध्ये या ५.७ ची १.२८ पट (दहात नऊच्या खात्रीसाठीचा ठरलेला गुणक) मिळवली की ५६ दिवस होतात. दहापैकी नऊ वेळा काम एवढ्यात व्हावं. आणि ते सुरुवातीचे ४३ दिवस? तेवढ्यात काम होण्याची शक्यता सहापैकी जेमतेम एक आहे. दीड महिना धरून मोटर आणून ठेवणाऱ्याची मोटर पडून का राहते, ते इथं कळतं.

वर्गांच्या बेरजेकडे पुन्हा एकदा बघा. ३२.५८ पैकी २५ एकट्या पक्क्या खडकाचे आहेत. पोकलेन अर्धा दिवस आधी आणण्यासाठी धावपळ करून काही हाती लागत नाही. जे काही करायचं ते खडकासाठी : शेजारच्या शेतातल्या विहिरीत उतरून थर कुठं बदलतात ते पाहणं, सुरुंगवाल्याच्या तारखा आधी बांधून घेणं, डिझेल इंजिन पहिल्या दिवसापासून काठावर ठेवणं. यामुळं वाईट आकडा ४४ वरून ३२ वर आला, तर खडकाची सरासरी २१ होते, विखुरणं ३ होतं, आणि पूर्ण कामाचे ५६ दिवस ५२ वर येतात. इंजिनाचं भाडं द्यायचं की नाही, ते या चार दिवसांकडे पाहून ठरवता येतं.

एक सावधगिरी. वर्ग-वर्गमुळाची ही युक्ती प्रत्येक तुकड्याचं नशीब वेगळं आहे असं धरते. गावाकडं ते तसं नसतं. तीच टोळी, तीच यारी, तेच ऊन. टोळी ढिली निघाली तर सगळेच तुकडे लांबतात. सगळे एकदमच लांबतात असं धरलं तर विखुरण्याचे आकडे सरळ मिळवायचे, ते ९.८३ होतात आणि ५६ चे ६१ दिवस होतात. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये असतं. एकाच ठेकेदाराकडं सगळं काम असेल तर ६१ च्या बाजूला झुका.

दुसरी चूक सहाच्या भागाकारात होते. हा सहा, वाईट आकडा क्वचितच ओलांडला जाईल इतका वाईट असेल तरच चालतो. माणसं बहुधा "दहात एखाद्या वेळी" इतपतच वाईट सांगतात, आणि चांगलाही तसाच. तसं असेल तर विखुरणं काढताना अंतराला सहाऐवजी २.६ नं भागा.

आता कॅलेंडर. आठवड्यात कामाचे सहा दिवस धरले तर ५६ दिवस म्हणजे ६५-६६ दिवस, त्यात सण-लग्नांचे सात-आठ आणखी मिळवा. १ मार्चला सुरुवात केली तर मेच्या मध्यावर काम उरकतं. १ एप्रिलला केली तर तेच जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जातं, आणि विदर्भात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर पोचतो. त्यातही मेमध्ये पारा ४५ च्या आसपास गेल्यावर टोळी सकाळी लवकर लागते आणि अकरा-बारालाच हात थांबवते. मिस्त्रीचे आकडे हिवाळ्यातल्या आठ तासांच्या दिवसाचे असतील तर उन्हाळ्यासाठी ते पुन्हा विचारून घ्यावे लागतात. गुणाकार करून भागत नाही, कारण मलबा काढायला दुपार हवी असते आणि तीच हातची गेलेली असते.

वीजजोडणी विहिरीसोबत समांतर चालते, म्हणून तिचे तीन आकडे वेगळे काढा आणि बेरजेत घालू नका. पण पाणी शेतात यायला दोन्ही लागतात. विहीर वेळेत होण्याची शक्यता दहात नऊ आणि जोडणीचीही दहात नऊ असेल, तर दोन्ही वेळेत होण्याची शंभरात ८१. अशी समांतर चालणारी कामं जितकी वाढतात तितकी ही टक्केवारी उतरते.

मालकाला सांगताना ५६ ची तारीख सांगा. टोळीला प्रत्येक तुकड्याचा नेहमीचाच आकडा द्या. राखीव दिवस, म्हणजे ५६ आणि ४३ मधले तेरा, तुकड्या-तुकड्यांत वाटून दिले की ते तिथंच मुरतात, म्हणून ते शेवटी एका जागी ठेवा आणि किती खर्ची पडले ते दर बाजाराच्या दिवशी मोजा. पक्क्या खडकाच्या पहिल्या दोन फेऱ्या झाल्या की जुने आकडे बाजूला ठेवा. सहा फुटांना सहाऐवजी नऊ दिवस गेले असतील तर उरलेल्या चौदा फुटांना एकवीस, हाच नवा नेहमीचा आकडा. वाईट आकडाही नव्यानं विचारा, कारण आता खडक समोर दिसतो आहे.

हे आकडे दुसऱ्या तालुक्यात उचलून नेऊ नका. दर्यापूर-अकोटकडच्या पूर्णा खोऱ्यात गाळाची माती खोलवर जाते, तिथं सुरुंगाचा प्रश्नच येत नाही, वाईट आकडा दरड कोसळण्यातून येतो. भंडारा-गोंदियाकडं खडकच वेगळ्या जातीचा. तिथल्या मिस्त्रीला पहिल्यापासून विचारा, वाईटापासून सुरू करून.