दोना पावलाच्या खडकांतली घडी कशी ओळखावी

गोव्यात बराचसा जुना खडक जांभ्याखाली दडलेला आहे, म्हणून घडी, म्हणजे दाबाने थर दुमडलेली जागा, शोधायला थेट किनारा गाठावा. दोना पावला ते बांबोळी या पट्ट्यात धारवाड या जुन्या खडकसमूहातला ग्रेवॅके, म्हणजे वाळू-चिखलाचा कठीण खडक, उघडा पडलेला आहे. वय सुमारे अडीच अब्ज वर्षं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा. कंपास, क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायचं साधन), भिंग, वही एवढं पुरे. हातोडा घरीच ठेवा.

१. थर ओळखा. सगळ्यात ठळक रेघ म्हणजे थर, असं समजू नका. दाबामुळे खडकात बारीक समांतर फटी पडतात, त्या क्लीव्हेजच्या. रेघेच्या दोन्ही बाजूंना कणांचा आकार किंवा रंग बदलत असेल तरच ती थराची.

२. डिप (थर किती आणि कुठे कलला आहे) आणि स्ट्राइक (थरावरच्या आडव्या रेषेची दिशा) मोजा. एकाच थरावर दोनतीन जागी मोजून वहीत लिहा. स्ट्राइक साधारण वायव्य-आग्नेय येईल.

३. आता थराची वरची बाजू शोधा. खरी कसोटी इथेच आहे. ‘डिपची दिशा उलटली की घडी’ हा सर्रास मिळणारा सल्ला इथे कुचकामी आहे. हे खडक इतके घट्ट चेपले गेलेत की घडीच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला कलू शकतात. नुसती डिप बघणाऱ्याला जाडजूड, सरळ थरांची चळत दिसते आणि तो पुढे निघून जातो.

म्हणून कण बघा. हा गाळ समुद्रतळाच्या उतारावरून लोटांनी आला; लोट थांबला की जाड वाळू आधी खाली बसली, बारीक चिखल नंतर वर. कण ज्या दिशेला बारीक होत जातात ती थराची मूळची वरची बाजू. भिंग लावून, खडक ओला करून पाहा, फरक उठून दिसतो. एका थरावर निकाल देऊ नका, लागोपाठ पाचसहा थरांत तीच दिशा मिळायला हवी. अर्धवट झिजलेला थर सरळ सोडून द्या.

शेजारच्या दोन पट्ट्यांत वरच्या बाजू एकमेकींपासून दूर जात असतील तर मधे अपनती (कमानीसारखी घडी), समोरासमोर येत असतील तर अभिनती (द्रोणासारखी घडी). पडताळा हवा तर क्लीव्हेज वापरा: थर आणि क्लीव्हेज एकाच दिशेला कलले असून थर जास्त उभा असेल, तर ती बाजू बहुधा उलटलेली आहे. मात्र खडक पुन्हा दुमडला गेला असेल तर हा नियम फसतो, त्यामुळे मी कणांवरच जास्त भरवसा ठेवते.

४. नकाशावर बाण मारा. डिपचा वेगळा, वरच्या बाजूचा वेगळा.

डिचोलीकडच्या लोहखनिजाच्या पट्टेदार खडकांतही डिप आणि स्ट्राइक मोजता येतात, पण मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे तिथे कंपास भरकटतो. स्ट्राइक दूरच्या ओळखीच्या खुणेवरून घ्यावी. डिप क्लिनोमीटरनेच मोजा, त्याला चुंबकाची बाधा नाही.