सडलेल्या लाकडाची जुनी ॲल्युमिनियमची होडी पुन्हा पाण्यायोग्य कशी करावी

ॲल्युमिनियमच्या जुन्या मासेमारी होडीत आधी जाते ते लाकूड. गोड्या पाण्यात पत्रा अनेक दशके टिकतो. परंतु मोटार ज्या मागच्या उभ्या भिंतीवर अडकवतात त्या ट्रान्समची फळी, बाकांवरच्या पाट्या आणि तळावरचे प्लायवूड ओलाव्याने फार लवकर कुजते. विदर्भातील तलावांवर ढिवर बांधवांचे लाकडी डोंगे आणि नावा नेहमी दिसतात, ॲल्युमिनियमच्या होड्या मात्र क्वचितच. म्हणून अशी एखादी होडी भंगाराच्या भावाने विक्रीला निघाली असेल, तर ती भट्टीत जाण्यापूर्वी तिचा पत्रा एकदा नीट पाहावा. तो शाबूत असेल तर उरलेले काम एक समजूतदार सुतार आणि एक मदतनीस यांच्या साहाय्याने घरच्या अंगणात होऊ शकते.

कामाचा हंगाम

नागपुरात हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात करावे. लाकडावर जे इपॉक्सी (दोन घटक कालवून कडक होणारी राळ) चढवायचे आहे ते स्वतःच उष्णता निर्माण करत घट्ट होते, आणि हवा जितकी तापलेली तितके ते लवकर आवळते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा डब्यात कालवलेले मिश्रण ब्रश बुडवेपर्यंतच दगड होऊ लागते, तर पावसाळ्यात लाकडातला ओलावा जात नाही आणि तो इपॉक्सीखाली कोंडला जातो. उन्हाळ्यातच काम करणे भाग असेल तर पहाटे, सावलीत आणि थोडे थोडे मिश्रण कालवून करावे. ते खोल डब्यात न ठेवता पसरट ताटात ओतल्यास वापरायला अधिक वेळ मिळतो.

तपासणी आणि सुटे भाग काढणे

ट्रान्समच्या फळीत जागोजागी पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत शिरला, किंवा हातोडीच्या हलक्या ठोक्याला खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर फळी गेली असे समजावे. मोटार बसवलेली असेल तर तिचे डोके धरून पुढे-मागे दाबावे. भिंत लवत असेल तर त्या होडीवर मोटार चालवू नये.

त्यानंतर प्रत्येक कोपऱ्याची छायाचित्रे घ्यावीत आणि मगच बोल्ट उघडावेत. कुजलेली फळी तुकड्यांत निघाली तरी ती फेकू नये, कारण नव्या फळीचा साचा तीच असते. बाक काढताना होडीच्या दोन्ही काठांमधले अंतर आधी मोजून लिहून ठेवावे. बाक हे केवळ बसण्यासाठी नसून ते होडीच्या बाजूंना ताण देतात. सगळे एकदम काढले तर पत्रा पसरतो आणि जुने माप पुन्हा बसत नाही. एक बाक काढून, दुरुस्त करून, परत बसवावा आणि मगच दुसऱ्याला हात लावावा.

पत्रा स्वच्छ करणे

लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे कण ॲल्युमिनियमात रुततात आणि पुढे गंजतात. नायलॉनचा किंवा स्टेनलेस स्टीलचा ब्रश घ्यावा. नाली साफ करण्यासाठी मिळणारा कॉस्टिक सोडा तर पत्र्याजवळही आणू नये, कारण तो ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे पॉलिश पेपर पाण्यासह चालवावा आणि तोंडावर मास्क असावा.

गळती शोधणे

येथे वेळ द्यावा. होडीचा कणा आणि तळ यांना लाकडी ओंडक्यांचा सलग आधार देऊन आत चार-पाच सेंटिमीटर पाणी भरावे. जास्त भरण्याचा मोह टाळावा: एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, आणि साडेतीन मीटर लांबीच्या होडीत दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे काही शे किलोंचा भार होतो, जो कोरड्या जागी उभी असलेली होडी मुळीच पेलण्यासाठी बनलेली नसते. बाहेरून पाणी पाझरेल तेथे खूण करावी.

सैल झालेले रिव्हेट (पत्रे जोडणारे धातूचे खिळे) बहुधा नव्याने ठोकून घट्ट होतात. एकाने आतून जड लोखंडी ठोकळा टेकवून धरावा आणि दुसऱ्याने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर ठोकावे. जेथे आतून हात पोहोचत नाही तेथे बंद टोकाचे, एकाच बाजूने बसवता येणारे पॉप रिव्हेट सीलंट (फट बुजवणारा लेप) लावून बसवावेत. साध्या पॉप रिव्हेटच्या मधल्या भोकातून पाणी येते. पत्र्याला चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना सुमारे तीन मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग आतून ५०५२ दर्जाच्या (ॲल्युमिनियमच्या एका मिश्रधातूच्या) पत्र्याचे ठिगळ सीलंट आणि रिव्हेट यांनी लावावे. दुकानात मिळणारा प्रत्येक पत्रा या दर्जाचा नसतो, म्हणून दर्जा विचारूनच घ्यावा. मोठी चीर हिंगणा औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी ॲल्युमिनियमच्या आर्गन वेल्डिंगचा सराव असलेल्या कारागिराकडे न्यावी. त्याआधी इंधनाची टाकी आणि चिरेजवळचा, होडीला तरंगत ठेवणारा फोम काढलेला असला पाहिजे.

सीलंट पॉलियुरेथेनचा घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा सिलिकॉन टाळावा, कारण त्यातले आम्ल ॲल्युमिनियमला बाधते आणि त्यावर रंगही धरत नाही.

नवे लाकूड

साऱ्या कामाचा गाभा येथे आहे. जुने लाकूड का कुजले हे समजून न घेता नवी फळी बसवली तर तीही त्याच वाटेने जाते. पाणी फळीच्या कडांतून आणि बोल्टच्या भोकांतून आत शिरते, पत्रा व लाकूड यांच्यामध्ये अडकते, आणि बाहेर पडायला जागा नसल्याने महिनोन्‌महिने तेथेच राहते. त्यामुळे लाकूड सर्व बाजूंनी बंद करणे आणि होडीत आलेल्या पाण्याला उतरायला वाट देणे ही दोन्ही कामे सारख्याच काळजीने झाली पाहिजेत.

लकडगंजच्या लाकूडबाजारातून आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्का असलेले मरीन प्लाय घ्यावे. कीड आणि बुरशी लागू नये म्हणून प्लायला जी रसायने देतात त्यांत तांबे असू शकते, हे येथे लक्षात ठेवायलाच हवे. ओलाव्यात तांबे आणि ॲल्युमिनियम यांचा स्पर्श झाला की त्यांची जणू बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजून पत्र्याला बारीक भोके पडतात. याच कारणाने पितळी स्क्रू वापरू नयेत, तळाला तांबेयुक्त रंग देऊ नये, आणि तळात पडलेले तांब्याच्या तारेचे तुकडेही उचलून टाकावेत. जस्ताचा मुलामा दिलेले स्वस्त बोल्टही टिकत नाहीत. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत आणि सीलंटमध्ये बुडवून बसवावेत.

ट्रान्समची जाडी जुन्या फळीएवढीच ठेवावी. ती साधारण ३६ मिलिमीटर असेल तर १८ मिलिमीटरचे दोन थर साच्याप्रमाणे कापून, मध्ये इपॉक्सी लावून, शिकंज्यांत रात्रभर आवळून ठेवावेत. कडा गोल कराव्यात, कारण धारदार कडेवर लेप पातळ बसतो आणि तेथूनच पाणी शिरते. मग पातळ इपॉक्सीचे तीन हात द्यावेत आणि कडांना त्याहून एक जास्त, कारण प्लायच्या कडा पाणी सर्वाधिक पितात. दोन हातांमध्ये पृष्ठभागावर चिकट पापुद्रा आला असेल तर तो साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, हलका पॉलिश पेपर मारावा.

बोल्टच्या भोकांसाठी थोडा अधिक श्रम घ्यावा लागतो, आणि तो टाळू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. भोक आधी बोल्टपेक्षा बरेच मोठे पाडावे, त्यात बारीक भुसा मिसळलेले घट्ट इपॉक्सी भरावे, ते पूर्ण कडक झाल्यावर मधोमध बोल्टच्या मापाचे भोक पाडावे. अशाने बोल्टच्या कडेने पाणी आलेच तरी ते लाकडाला शिवत नाही.

बाकांच्या पाट्यांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान उत्तम. सागात तेल असते, म्हणून इपॉक्सी किंवा वॉर्निश लावण्यापूर्वी ते ॲसिटोनने पुसावे.

फोम

बाकांखालचा फोम काढला तर त्याच्या जागी नवा भरल्याशिवाय होडी पाण्यात नेऊ नये. पाणी भरल्यावर होडीला तरंगत ठेवतो तो फोमच. हिशेब सोपा आहे: ७० किलो ॲल्युमिनियम बुडाल्यावर सुमारे २६ लिटर पाणी सारते, म्हणजे ते तरंगण्यासाठी आणखी ४४ लिटर फोम लागतो, त्यात मोटार, सामान आणि पाण्यात होडीला धरून राहणारी माणसे मिळवली की शंभर लिटर हे किमान समजावे. जुना फोम हातात जड लागला तर तो पाणी प्यालेला आहे. नवा फोम बंद छिद्रांचा असावा. थर्माकोल घालू नये. पेट्रोल सांडल्यास ते विरघळते.

तळ आणि रंग

तळावरचे प्लाय पत्र्याला थेट टेकू नये. कडेने बोटभर फट सोडावी, मागे बुचाच्या भोकाकडे पाणी सरळ उतरेल अशी वाट मोकळी ठेवावी, आणि वर गालिचा अजिबात अंथरू नये. रंगापूर्वी पत्रा घासल्यावर त्याच दिवशी ॲल्युमिनियमसाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरून राहणारा रंगाआधीचा हात, द्यावा, कारण उघड्या धातूवर ऑक्साइडचा थर लगेच चढतो. इपॉक्सी उन्हाने खराब होते, त्यामुळे ट्रान्समलाही रंग हवाच.

पहिली चाचणी

पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मासेमारीला बंदी आहे, आणि इतर अनेक जलाशयांचे मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे असतात. म्हणून होडी नेण्यापूर्वी संबंधितांची परवानगी घ्यावी. मोटार लावणार असल्यास नोंदणीचे नियमही विचारून घ्यावेत. पहिल्यांदा मोटारीविना, काठाजवळ, कंबरभर पाण्यात, लाइफ जॅकेट घालून अर्धा तास थांबावे आणि केलेल्या खुणा एकेक तपासाव्यात. सर्व कोरडे असेल तरच मोटार चढवावी. तासभर चालवल्यावर ट्रान्समचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. घरी आणल्यावर बूच काढून होडी उलटी, जमिनीपासून उचलून ठेवावी.