सीमाभागातून लॉची प्रवेश परीक्षा: अभ्यास कसा करावा, फॉर्म कसा भरावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मुलाने लॉला जायचं म्हटलं की पहिला सल्ला येतो, "पुण्याचा क्लास लाव." दुसरा येतो, "घटनेची कलमं पाठ कर." हे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अलीकडचा पेपर उघडूनही पाहिलेला नसतो. मी दरवर्षी पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, मुलं घेऊन बसतो आणि दरवर्षी त्यांच्या डोक्यातून आधी हे दोन सल्ले काढावे लागतात. वह्या, नेट, बसायला शांत कोपरा एवढं तुमच्याकडे आहे असं धरून पुढचं लिहितो.

आधी दारं मोजा

इथल्या मुलाला तीन दारं आहेत. पहिलं घराजवळचं. बेळगावातलं राजा लखमगौडा लॉ कॉलेज आणि बी. व्ही. बेल्लद लॉ कॉलेज ही हुबळीच्या कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाशी संलग्न आहेत. पीयूसीच्या गुणांवर पाच वर्षांच्या कोर्सला प्रवेश मिळतो, प्रवेश परीक्षा नाही. याला कमी लेखू नका. दुसरं दार महाराष्ट्राच्या लॉ सीईटीचं. कोल्हापूरचं शहाजी, पुण्याचं आयएलएस यांचे प्रवेश त्यातून होतात. पेपर संगणकावर असतो, इंग्रजीबरोबर मराठीतही असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. २०२५ पासून १५० ऐवजी १२० प्रश्न झालेत, म्हणून दादा-ताईंच्या काळातला नमुना घेऊन बसू नका. तिसरं दार क्लॅटचं, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांचं. दोन तास, १२० प्रश्न, पेपर फक्त इंग्रजीत, ओएमआरवर गोल रंगवायचे आणि प्रत्येक चुकीला पाव गुण वजा.

क्लॅटचं नाव काढलं की इथले पालक "ते आपल्यासाठी नाही" म्हणून मोकळे होतात. त्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये २५ टक्के जागा कर्नाटकात किमान दहा वर्षं शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. पहिलीपासून पीयूसीपर्यंत इथल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात शिकलेल्या मुलाची दहा वर्षं सहज भरतात, मग शाळेचं माध्यम मराठी का असेना. आपली मुलं पुण्याकडे तोंड करून बसतात आणि हा रकाना कोराच सोडतात. याचा मला दरवर्षी राग येतो.

तिन्ही दारांसाठी वेगवेगळा अभ्यास लागत नाही. क्लॅट डिसेंबरमध्ये असते, सीईटी पीयूसीची बोर्डाची परीक्षा झाल्यावर. क्लॅटची तयारी नीट झाली असेल तर सीईटीला कायद्याचं सामान्यज्ञान आणि वेग एवढंच वाढवायचं उरतं. उलट क्रमाने ते होत नाही.

लीगल रीझनिंग: खरी अडचण इथे आहे

मी मराठी माध्यमातला. मला सगळ्यात जास्त झुंजावं लागलं ते याच भागाशी, आणि इंग्रजी कच्चं हे त्याचं कारण नव्हतं. आपण वाचताना न्याय करायला बसतो, हे कारण होतं.

क्लॅटमध्ये या भागाचे २८ ते ३२ प्रश्न असतात. साडेचारशे शब्दांच्या आसपास उतारा, त्यात कायद्याचा एखादा नियम, आणि खाली काल्पनिक प्रसंग. कायदा आधीपासून माहीत असण्याची अपेक्षाच नाही. नियम उताऱ्यात दिलेला असतो, तो प्रसंगाला लावायचा. ऐकायला सोपं आहे. आता हे पाहा.

समजा उतारा सांगतो: आपल्या जमिनीवर कोणी धोकादायक वस्तू साठवली आणि ती निसटून शेजाऱ्याचं नुकसान झालं, तर साठवणाऱ्याची चूक नसली तरी तो जबाबदार, मोठ्या प्रमाणावर साठवलेलं पाणीही अशीच वस्तू, मात्र मालकाचं ज्याच्यावर काही नियंत्रण नाही अशा तिऱ्हाइताच्या कृत्याने ती निसटली असेल, तर मालक सुटतो. प्रसंग असा: खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने चांगला ठेकेदार गाठून मोठं तळं बांधून घेतलं. स्वतः रोज उभा राहून काम पाहिलं. पावसाळ्याआधीच बांध फुटला आणि शेजाऱ्याचा ऊस पाण्याखाली गेला. शेतकरी जबाबदार का?

निम्मी मुलं म्हणतात नाही, बिचाऱ्याने एवढी काळजी घेतली होती. हा न्याय झाला, उत्तर नाही. "चूक नसली तरी" हे तीन शब्द त्यांनी वाचले, पण मनाला पटले नाहीत म्हणून सोडून दिले. जरा हुशार मुलं म्हणतात, ठेकेदार तिऱ्हाईत आहे ना, मग मालक सुटला. हा खरा सापळा. ठेकेदार मालकानेच नेमलेला, त्याच्याच सांगण्यावरून आणि त्याच्या नजरेसमोर काम करणारा. अपवादात "नियंत्रण नाही असा तिऱ्हाईत" म्हटलं आहे, नुसता तिऱ्हाईत नाही. म्हणून शेतकरी जबाबदार. पुढच्या प्रश्नात हाच प्रसंग थोडा बदलून येतो: रात्री कोणा अनोळखी माणसाने येऊन बांध फोडला. आता तो सुटतो. ज्याने अपवादाचं वाक्य नीट पकडलं त्याला दोन्ही प्रश्न मिळून दीड मिनिट लागतो.

तिसऱ्या जातीची चूक क्लासवाली मुलं करतात. त्यांना माहीत असतं की दिल्लीच्या ओलियम वायुगळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये धोकादायक उद्योगांसाठी कुठलाच अपवाद न ठेवणारा नियम घालून दिला. माहिती बरोबर आहे. पण उताऱ्यात ती नसेल तर तिथे तिचा उपयोग शून्य, आणि शेततळं म्हणजे कारखानाही नव्हे. बाहेरून आणलेलं खरं ज्ञानसुद्धा इथे चुकीचं उत्तर देतं.

सरावाची माझी रीत ठरलेली आहे. उतारा आधी, प्रश्न नंतर. प्रश्न आधी वाचून उताऱ्यात उत्तर हुडकायला सांगणारे पुष्कळ आहेत. या भागात ते ऐकू नका, कारण अपवाद नेमका तुम्ही न वाचलेल्या ओळीत असतो. वाचताना समासात पेन्सिलने तीनच खुणा करा: नियमाला "नि", अपवादाला "अ", अटीला "ट". अनलेस, प्रोव्हायडेड दॅट, ओन्ली इफ, एक्सेप्ट हे शब्द दिसले की थांबायचंच. आणि सगळा उतारा मनात मराठीत उलथवत बसू नका. मराठी माध्यमाच्या मुलाचा वेळ सगळ्यात जास्त तिथेच जातो. फक्त नियमाचं वाक्य घ्या आणि ते आपल्या मराठीत एका ओळीत कागदावर लिहा. एका ओळीत मावलं नाही तर कळलेलं नाही, परत वाचा. महिनाभर असं लिहून काढलंत की पुढे लिहावं लागत नाही.

चुकलेल्या प्रश्नासमोर बरोबर उत्तराचा आकडा लिहून पुढे जाऊ नका. उताऱ्यातला कुठला शब्द निसटला तो लिहा. या वहीइतकं चांगलं पुस्तक बाजारात नाही.

हीच शिस्त सीमाप्रश्नाला लावून पाहा. १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेला दावा, राज्याराज्यांतल्या वादासाठीचं कलम १३१, राज्याच्या सीमा बदलण्याचा संसदेचा अधिकार देणारं कलम ३, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं कलम ३५०-अ, भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याचं ३५०-ब: हे सगळं आपल्या घरी जेवताना बोललं जातं. पुण्या-मुंबईच्या मुलाला हे पाठ करावं लागतं. पण यावर उतारा आला आणि त्यात कर्नाटकाची बाजू मांडलेली असली, तर "लेखकाचं म्हणणं काय" याचं उत्तर लेखकाचंच द्यायचं. कित्येक मुलं तिथे मोर्चा काढून येतात आणि गुण घालवतात.

बाकीचे विषय

चालू घडामोडी: रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र, त्यातला अग्रलेख आणि न्यायालयाच्या बातम्या. मराठी पेपर घरी येतो तो वाचाच, पण तो याच्या बदल्यात नाही. महिन्याच्या पीडीएफ गोळा करून कोणी पास होत नाही.

गणित दहावीचंच. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, तक्ते. क्लॅटला १० ते १४ प्रश्न, सोडून देण्याइतके थोडे नाहीत.

कायद्याचं सामान्यज्ञान सीईटीपुरतं. भारतीय दंड संहितेची कलमं पाठ करायला लावणारं पुस्तक हाती आलं तर रद्दीत घाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि कलमांचे आकडे बदललेत.

सराव पेपर क्लॅटसाठी छापील कागदावर आणि सीईटीसाठी स्क्रीनवर. शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्याला एक पुरे, पण तपासायला सोडवण्याहून जास्त वेळ द्या. आणि सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडू नका.

फॉर्म

ऑनलाइन फॉर्म भरणं हे दहा मिनिटांचं काम. ते बिघडतं नावामुळे. आपल्याकडे एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डावर पुष्कळदा नाव आणि पुढे नुसती आद्याक्षरं असतात, आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव पूर्ण, टीसीवर आणखी तिसरंच. त्यात कन्नडमधून इंग्रजीत येताना पाटीलचं स्पेलिंग एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. घरात काय म्हणतात त्याला इथे किंमत नाही. मार्क्सकार्डावर जसं आहे अक्षरन्‌अक्षर तसंच भरा, आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. उलटं करू नका, बोर्डाचा कागद बदलणं फार जड जातं. हे काम फॉर्म सुटायच्या आधी करा. गावाचं बेळगाव की बेळगावी याची मात्र चिंता नको. अधिकृत नाव २०१४ मध्ये बदललं, जुन्या कागदावर जुनं असणारच.

महाराष्ट्राच्या फॉर्ममध्ये दुसरा खड्डा उमेदवारीच्या प्रकाराचा. नेटसेंटरवाला पत्त्यात कर्नाटक पाहतो आणि विचारल्याशिवाय "महाराष्ट्राबाहेरील" निवडतो. महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातून दहावी-बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार ठेवलेला असतो. अभियांत्रिकीच्या प्रवेशात त्याला "ई" म्हणतात. म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची लॉची माहितीपुस्तिका उतरवून घ्या, उमेदवारीच्या प्रकारांचं प्रकरण काढा आणि सीमाभागाची ओळ शब्दन्‌शब्द वाचा. अभियांत्रिकीत यासाठी दोन दाखले लागतात: तुमची शाळा किंवा कॉलेज त्या भागात आहे याचा एक, आणि मातृभाषा मराठी असल्याचा दुसरा. तुमच्या पुस्तिकेत जो नमुना छापला असेल तोच छापून न्या. आपल्या मनाने लिहिलेला दाखला, त्यावर कितीही गोल शिक्के असोत, पडताळणीत टिकत नाही.

जातीच्या दाखल्याबद्दल स्पष्टच सांगतो. नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून, काढलेला कर्नाटकाचा दाखला, ३-बी या मागास प्रवर्गाचा असो की आणखी कुठला, महाराष्ट्रातल्या राखीव जागेसाठी चालत नाही. तो कर्नाटकातल्या प्रवेशासाठी. महाराष्ट्रात खुल्यातून भरा.

नॅशनल लॉ स्कूलच्या त्या २५ टक्क्यांसाठी शिक्षणाच्या वर्षांचा पुरावा लागतो, म्हणजे आपल्याकडचं स्टडी सर्टिफिकेट. प्राथमिक शाळा एक, हायस्कूल दुसरं, पीयूसी तिसरीकडे असेल तर तीन ठिकाणी जावं लागेल, आणि कुठे बीईओ ऑफिसची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही मागितली तर आणखी एक फेरी. सुट्टीत हेडमास्तर भेटत नाहीत. दसऱ्याआधी उरका.

परीक्षा केंद्र सीईटीला कोल्हापूर घ्या. सकाळची पाळी आली तर आदल्या रात्री मुक्कामाला जा. निपाणीमार्गे पहाटेच्या बसच्या भरवशावर राहू नका.

निकालानंतर

पसंतीक्रम भरताना खरोखर जायचं आहे त्या क्रमाने कॉलेजं लिहा. "गेल्या वर्षी इतक्याला बंद झालं" म्हणून वरचं कॉलेज खाली ढकलण्यात काही अर्थ नाही. वरचं मिळालं नाही तर यंत्रणा आपोआप खालचं पाहते.

दरम्यान बेळगावातल्या कॉलेजात अर्ज करून ठेवा, यादी लागण्याची वाट पाहू नका. पैसे भरण्याआधी प्रवेश रद्द केल्यास किती परत मिळतात ते लेखी विचारा, आणि मूळ टीसी व मार्क्सकार्ड जमा करण्याआधी दोन्ही बाजू स्कॅन करून तीन-चार साक्षांकित झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा. कोल्हापूरची किंवा पुण्याची जागा लागली की कागद सोडवायला जाताना वडिलांना बरोबर न्या, पोचपावती विसरू नका, आणि टीसी हातात पडेपर्यंत काउंटर सोडू नका.