गावाकडचा गळा टीव्हीच्या ऑडिशनला नेताना

गाण्याच्या स्पर्धेची जाहिरात टीव्हीवर लागली की माझा फोन वाजायला लागतो. दिंडोरी, निफाड, सिन्नर, पेठ, कुठून कुठून आईबाप विचारतात, “बाई, पोरगी चांगली गाते, टीव्हीवर पाठवायचीय, काय करू?” नाशिकच्या पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याच्या खोलीत मी बावीस वर्षं पेटी आणि गाणं शिकवते. माझ्या हाताखालून गेलेली दिंडोरी तालुक्यातली एक पोर दुसऱ्या प्रयत्नात टीव्हीच्या मंचापर्यंत पोचली आणि सात भाग टिकली. पहिल्या वर्षी ती दारातूनच परत आली होती. त्या दोन वर्षांत जे उमगलं ते इथे लिहिते.

सगळ्यात आधी पट्टी, म्हणजे गाण्याचा सा किती उंचावर धरायचा ते. पहिल्या वर्षी ती माझ्याकडे नव्हती. शहरातल्या एका क्लासने तिला सिनेमातलं गाजलेलं गाणं बसवून दिलं होतं, मूळ गायिकेच्याच पट्टीत, काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी सा धरून. घरी ट्रॅकवर ते निभत होतं. ऑडिशनला ट्रॅक नव्हता, रांगेत पाच तास गेले होते, आणि अंतऱ्यात वरच्या पंचमावर आवाज चिरकला. “थँक यू” म्हणून तिला बाहेर पाठवलं. आई रडवेली होऊन मला म्हणाली, “बाई, पोरीचा आवाज पार मळ्यापल्याड जातो, मग हिला का नाही घेतलं?” मी पेटी काढली, तिला नुसता सा लावायला सांगितला आणि एकेक पट्टी उतरत गेले. काळी चारला तिचा आवाज असा मोकळा झाला की शेजारच्या खोलीतल्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. एक अख्खा स्वर खाली, एवढंच अंतर होतं.

तुम्हीही हेच करा. वरचा सा, त्याच्या वरचा ग, म, प हे सगळे ताण न येता, हसऱ्या चेहऱ्याने लागले पाहिजेत. हनुवटी वर जात असेल, मानेच्या शिरा दिसत असतील तर पट्टी उतरवा. सकाळी उठल्या उठल्या एकदा आणि दिवसभराच्या कामानंतर एकदा, अशी दोनदा तपासा. दोन्ही वेळा जी झेपते तीच खरी पट्टी. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ऑडिशनला “कुठल्या पट्टीत?” असं विचारल्यावर पोराला पटकन सांगता आलं पाहिजे.

मग गाणं कुठलं? इथे माझं मत पक्कं आहे. पोर जे ऐकत मोठी झाली, तेच पहिलं गाणं. या पोरीच्या आजीच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या होत्या, वडील भजनात टाळ धरणारे. तिच्या गळ्यात गवळण बसलेली होती आणि पहिल्या वर्षी त्या क्लासने तिला सिनेमातलं प्रेमगीत म्हणायला लावलं होतं! २००९ मध्ये ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ जिंकलेली आळंदीची कार्तिकी गायकवाड आठवा. अभंग आणि गवळण हेच तिचं बळ होतं. शेवटच्या पाचांत आळंदी, रत्नागिरी, अलिबाग, लातूर आणि पुणे इथली मुलं होती, आणि प्रत्येकाचा बाज वेगळा होता.

परदेशातलं एक उदाहरण मी क्लासमध्ये मुद्दाम सांगते. अमेरिकेत ‘कंट्री’ नावाचा गाण्याचा प्रकार आहे, खेड्यापाड्याच्या जगण्यातून आलेला. नॉर्थ कॅरोलायनातल्या गार्नर गावचा स्कॉटी मॅक्रीरी शाळेत शिकत होता आणि किराणा दुकानात गिऱ्हाइकांचं सामान पिशव्यांत भरून द्यायचा. २०११ मध्ये सतराव्या वर्षी तो ‘अमेरिकन आयडॉल’चा दहावा हंगाम जिंकला. त्याचा खर्जातला आवाज त्या वयाला अजिबात न शोभणारा, पण त्याने तो लपवला नाही आणि कंट्रीचा बाजही सोडला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचा पहिला अल्बम आला आणि बिलबोर्डच्या, म्हणजे तिथल्या अल्बमच्या खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? वणीच्या गडावरची देवीची गाणी, त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेत दिंड्यांतून ऐकू येणारे अभंग, जागरण-गोंधळ, पेठ-सुरगाण्याकडची, फुंकून वाजवायच्या पावरीवरची गाणी. लोककवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. एवढं घरात असताना उसनं कशाला आणायचं? सिनेमातलं गाणं तयार ठेवाच, कारण “आता दुसरं काहीतरी म्हण” असं हमखास सांगतात. पण ते दुसऱ्या क्रमांकावर.

पहिल्या फेरीत आमच्या वाट्याला दीड मिनिटही आलं नाही. म्हणून गाण्यातली सगळ्यात देखणी जागा पहिल्या तीस सेकंदांत आली पाहिजे. आम्ही गवळणीचा मुखडा एकदाच घेतला, दुसऱ्यांदा घ्यायचा मोह टाळला आणि थेट अंतऱ्यातल्या त्या वरच्या जागेवर गेलो. साथीला काहीच नसतं, म्हणून लय पोराच्या अंगात हवी. ती मांडीवर बोटांनी ठेका धरायची तेव्हा लय धावायची, म्हणून मी तिला उभ्याने, उजव्या पायाच्या अंगठ्याने ठेका धरायला शिकवलं. चपलेच्या आत, कुणाला न दिसता. सुराचं ॲप बंद करून ती गाणं म्हणायची, शेवटी आम्ही पेटीवर सा दाबून बघायचो. पहिल्या आठवड्यात रोज थोडी उतरलेली निघायची. तिसऱ्या आठवड्यात पेटीचा आणि तिचा सा एक झाला.

डोळ्यांचंही एक होतं. ती गाताना जमिनीकडे बघायची. त्यावर औषध सापडलं ते गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात. मी तिला एका भाजीवाल्या मावशींसमोर उभं केलं आणि म्हटलं, यांच्याकडे बघून म्हण. मेथीच्या जुड्या, गिऱ्हाइकांची घासाघीस, मागे देवळाची घंटा, आणि ही पोर त्यात गवळण म्हणतेय. पहिल्या वेळी दोन ओळींत थांबली. चौथ्या बुधवारी मावशींनी तराजू खाली ठेवला आणि पूर्ण ऐकलं. परीक्षकांसमोर मला त्या मावशीच दिसत होत्या, असं तिने नंतर सांगितलं.

हल्ली पहिली निवड बऱ्याचदा मोबाइलच्या व्हिडिओवर होते. तिचं घर पत्र्याचं, आवाज घुमायचा. आम्ही दोरीवर दोन गोधड्या वाळत घातल्यासारख्या टांगल्या, तिला त्यांच्या समोर उभं केलं, पंखा बंद केला. घुमणं गेलं. द्राक्षाच्या हंगामात दिवसभर बागेतून ट्रॅक्टरच्या फवारणीच्या ब्लोअरचा आवाज येतो, त्यामुळे पहाटे पाचला रेकॉर्डिंग केलं. मोबाइल छातीच्या उंचीवर, हातभर लांब, कशाला तरी टेकवून ठेवा. आवाज गोड करणारं कुठलंही ॲप वापरू नका, ऐकणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं. आणि फवारणी चालू असेल तर निदान दोन दिवस पोराला बागेत पाठवू नका. घसा धरला की गरम पाण्याने लगेच सुटत नाही.

ऑडिशन मुंबईत असेल तर आदल्या दिवशी जा. पंचवटी एक्स्प्रेस सोयीची आहे, पण ती दहानंतर पोचते आणि तोवर रांग लागलेली असते. आधार कार्ड, जन्माचा दाखला, फोटो एका पिशवीत ठेवा. रांगेत पोराला गायला लावू नका, नातेवाइकांचे फोन देऊ नका. अर्ध्या-अर्ध्या तासाने दोन घोट पाणी, भाकरी आणि साधी भाजी, तिखट-तेलकट काही नाही. कपडे रोजच्या वापरातले चांगले. नवी चप्पल तर मुळीच नको, अंगठ्याने ठेका धरायचाय.

पैशांबद्दल स्पष्ट सांगते. “पन्नास हजार द्या, थेट टीव्ही राउंडला घालतो” असा फोन आला तर तो ठेवून द्या. आम्हालाही आला होता. पोरीचे वडील ट्रॅक्टरचा हप्ता थांबवून पैसे द्यायला निघाले होते, मी त्यांना अडवलं. निवड झाली की करार येतो. मूल अठराच्या आतलं असेल तर सही पालकांची. तो एका रात्रीत सही करून देऊ नका. दुसरीकडे गायला किती महिने बंदी आहे, गाण्याचे हक्क कुणाकडे जातात, शूटिंगच्या दिवसांत राहण्या-जेवण्याचा खर्च कोण करणार, या तीन जागा वकिलाकडून वाचून घ्या. शाळेत मुख्याध्यापकांना आधीच भेटा. आम्ही सहामाही परीक्षेच्या तोंडावर गेलो आणि फार धावपळ झाली.

आणि कार्यक्रम संपल्यावरचं आधीच ठरवून ठेवा. पुढे त्या स्कॉटीचाही करार त्याच्या गाण्यांच्या कंपनीने २०१६ मध्ये संपवला होता. आजोबांच्या आठवणीतून केलेलं गाणं त्याने मग स्वतःच्या हिमतीवर काढलं आणि २०१८ मध्ये ते अमेरिकेच्या कंट्री रेडिओवर पहिलं आलं. आमची पोर स्पर्धेतून बाहेर पडली त्याच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सहाला माझ्याकडे रियाजाला बसली होती. आता जत्रेत, जागरणाला तिला बोलावतात. बिदागी आधी ठरवायची, जाण्या-येण्याची गाडी आयोजकांची, रात्री बाराच्या पुढे गाणं नाही, असं आम्ही पहिल्या कार्यक्रमापासून पाळलंय. हिशेबाची वही तिची आई ठेवते.

गेल्या महिन्यात ती धाकट्या भावाला घेऊन आली. तेरा वर्षांचा, त्यालाही टीव्हीवर जायचंय. त्याचा आवाज फुटतोय, आज काळी दोनला लागतो तर उद्या तिथे खरखरतो. या वयात जोर लावला तर गळ्याला इजा होते, म्हणून त्याला या वर्षी ऑडिशन नाही. रोज वीस मिनिटं खर्जाचा सा, हलक्या आवाजात. दर पौर्णिमेला पट्टी तपासून तारखेसह वहीत लिहायची. पहिली नोंद मीच करून दिली.