नागपूर जिल्ह्यातली वंशावळ: कोतवाल बुकापासून फेरफारापर्यंत

वंशावळ शोधताना आडनावाच्या मागे लागू नका, गाव पकडा. जुन्या नोंदींत बहुधा माणसाचं नाव, बापाचं नाव आणि जात एवढंच असतं.

आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: मूळ गाव, आजी-पणजीचं माहेर, कुलदैवत, घरचं नाव आणि कागदावरचं नाव. सगळं आजच लिहून घ्या, ही माणसं राहिली नाहीत की कुठलंच कार्यालय ते सांगू शकत नाही.

मग गावच्या शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा (मुलं शाळेत आल्या-गेल्याच्या नोंदवहीचा) उतारा घ्या. त्यावरून जन्मसालाचा अंदाज आला की तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकलेसाठी अर्ज करा. अर्जात गाव, बापाचं नाव आणि मागचीपुढची पाच वर्षं लिहा. एकच साल लिहिलं तर नोंद हुकते, कारण शाळेतलं वय बरेचदा अंदाजाने लावलेलं असायचं. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसलं तरी घाबरू नका. नोंद बारशाआधीची असते, म्हणून नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं. अशा वेळी भावंडांच्या नोंदीही काढा.

इथे लोक हमखास अडकतात: तालुके बदललेले आहेत. कुही, भिवापूरची जुनी गावं उमरेडमध्ये, मौदा, पारशिवनीची रामटेकमध्ये आणि नरखेडची काटोलमध्ये शोधा. गोंदिया 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता. मूळ गाव छिंदवाडा, शिवनी किंवा बालाघाटकडचं असेल तर तिथल्याच जिल्हा कार्यालयात जावं लागेल. 1956 पर्यंत नागपूर आणि ते जिल्हे एकाच राज्यात होते.

जमीन होती का? मग सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे वारसाचा फेरफार, म्हणजे जमीन वारसांच्या नावावर चढल्याची नोंद. खातेदार वारल्यावर त्याचे सगळे वारस त्यात एकत्र येतात, लग्न झालेल्या मुलींसकट. अर्थात काही फेरफारांत मुलींची नावं गाळलेली सापडतात, ती माहेरच्या माणसांकडून भरून घ्या.

सारख्या नावाची दोन माणसं एका गावात हमखास निघतात. बापाचं नाव, गाव आणि मृत्यूचं साल, तिन्ही जुळल्याशिवाय पिढी जोडू नका. तोवर ती रेघ पेन्सिलनेच ठेवा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या (यात्रेकरूंच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या) वह्यांतूनही नावं मिळतात, पण जाताना मूळ गाव सांगा, कारण पुष्कळ वह्या गावावार लावलेल्या असतात.